हिंगाच्या डबीतली पांढरी पूड

अमरावतीच्या नवसारी भागात नत्थुजी आचाऱ्याचं घर कुणालाही विचारा, सापडतं. ओट्यावर उपडे घातलेले भाजी रांधायचे मोठाले गंज आणि भिंतीला टेकवून ठेवलेले हातभर लांबीचे झारे, एवढी खूण पुरते. नत्थुजींचं वय आता एकसष्ट. लग्न असो, साखरपुडा असो की तेरवी, पाचशे पानांचं जेवण हा माणूस गेली तीस वर्षं उठवत आला आहे. त्यांची आलू-वांग्याची भाजी तर अशी, की लोक लग्नाची तारीख काढायच्या आधी त्यांना विचारून जात.

त्या भाजीला दोन माणसांचा हात लागायचा. आच नत्थुजींची आणि मसाला सुंदराबाईंचा. सुंदराबाई म्हणजे त्यांची बायको. धने, खोबरं, खसखस, दगडफूल सगळं त्या स्वतः भाजायच्या, आणि कशाला किती वेळ तव्यावर ठेवायचं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. कामावरही त्या नत्थुजींबरोबर जात. भाजीला उकळी आली की नत्थुजी वगराळ्यातला थेंबभर रस्सा त्यांच्या तळहातावर टाकत. त्या तो जिभेनं टिपत, क्षणभर डोळे मिटत आणि सांगत, "मीठ कमी हाय," नाहीतर "झालं, उतरवा." त्या बोलल्याशिवाय गंज भट्टीवरून खाली येत नसे.

भाजीत तिसरंही काही पडत होतं. ते मात्र एकट्या नत्थुजींना ठाऊक होतं.

बावीस वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका लग्नात मसाला कमी पडला होता. सुंदराबाई त्या वेळी बहिणीच्या बाळंतपणासाठी माहेरी गेल्या होत्या. पंगत बसायला तासभर उरला होता आणि भाजीला नुसती वांग्याची हिरवट चव येत होती. तेव्हा हॉटेलात काम केलेल्या एका आचाऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं आणि कागदाची पुडी हातावर ठेवली. आत काचेच्या चुऱ्यासारखे चमकणारे बारीक पांढरे दाणे होते. टेस्टिंग पावडर म्हणतात त्याला, तो म्हणाला, टाका आणि बघा. नत्थुजींनी टाकली. त्या दिवशी लोकांनी पत्रावळी चाटूनपुसून टाकल्या, आणि मुलीच्या बापानं भर मांडवात नत्थुजींच्या खांद्यावर शेला घातला.

एकदा अशी वाहवा झाली की माणसाला मागं फिरायची भीती वाटते. पुढच्या लग्नातही त्यांनी पूड टाकली, त्याच्या पुढच्याही. सुंदराबाई माहेराहून परत आल्या, मसाला पुन्हा पहिल्यासारखा झाला, तरी पूड सुटली नाही. इतवारा बाजारातल्या एका किराणा दुकानातून ते ती आणत आणि हिंगाच्या जुन्या डबीत भरून सदऱ्याच्या खिशात ठेवत. गंजावर डबी उघडली की बघणाऱ्याला वाटे, नत्थुजी हिंग टाकून राहिले. सुंदराबाईंनाही तेच वाटे. त्या कौतुकानं म्हणत, "हिंगाचा अंदाज मात्र याहीचाच."

मागच्या माघात अंजनगाव सुर्जीला केशवराव नावाच्या कापूस व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. भाजी उकळली, नत्थुजींनी तळहातावर रस्सा दिला. सुंदराबाईंनी तो चाखला, पुन्हा मागितला, पुन्हा चाखला.

"अळनी हाय," त्या म्हणाल्या.

नत्थुजींनी मूठभर मीठ टाकलं.

"अजूनबी अळनीच लागते."

बायकोच्या जिभेवर त्यांचा स्वतःच्या जिभेपेक्षा जास्त भरवसा. त्यांनी आणखी मीठ टाकलं, वर डबीतली दुप्पट पूड टाकली. पंगत उठल्यावर केशवराव हळूच जवळ आले. "नत्थुजी, आज हात जड पडला का जी?" रागावून बोलले नव्हते ते, पण तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. टेम्पोत परतताना सुंदराबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी त्या भाजीबद्दल एक शब्द काढला नाही. जणू ते घडलंच नव्हतं.

मग बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. मसाला भाजताना त्या मध्येच थांबायच्या. "धने टाकले का वं मी?" असं स्वतःलाच विचारायच्या आणि धने दुसऱ्यांदा टाकायच्या. अकोल्याला दिलेल्या मुलीला, दामिनीला, सकाळी फोन करून दुपारी पुन्हा तेच विचारायच्या. दूध उतू जाऊन गॅस विझला तरी शेजारी उभ्याच. चालताना भिंतीचा आधार घ्यायच्या. पाय जळतात म्हणून बादलीत बुडवून बसायच्या. एकदा त्यांनी आरशात जीभ बाहेर काढून पाहिली तेव्हा नत्थुजी मागंच उभे होते. जीभ लालभडक झाली होती, आणि घासलेल्या ताटासारखी गुळगुळीत.

"उन्हाळ्यानं झालं असन," सुंदराबाई म्हणाल्या.

नत्थुजींनीही तसंच मानून घेतलं. चार दिवस.

पाचव्या दिवशी बडनेऱ्याच्या एका मंगल कार्यालयात देवमन भेटला. देवमनचं बिछायत केंद्र. मांडव, सतरंज्या, खुर्च्या त्याच्या, आणि जेवण नत्थुजींचं, अशी दोघांची कैक वर्षांची जोडी. पंगतीला अवकाश होता. गुंडाळलेल्या सतरंजीवर बसून देवमन मोबाईल बघत होता.

"हे पाहा नत्थुजी, काय भयानक हाय."

मोबाईलमध्ये पांढरा कोट घातलेला एक माणूस बोलत होता. मागं मेंदूचं चित्र, त्यावर लाल ठिणग्या उडत होत्या. तो सांगत होता, की चव वाढवणारी ही पांढरी पूड मेंदूच्या पेशींना इतकी चेतवते, इतकी चेतवते, की शेवटी त्या जळून मरतात. आधी माणूस छोट्या गोष्टी विसरतो. मग चव जाते. मग तोल जातो. मग घरची माणसं ओळखू येत नाहीत. शेवटी पुडीचा फोटो आला. तेच चमकणारे दाणे.

"त्या चायनीजच्या गाड्यांवर टाकते ना जी, तेच हे," देवमन म्हणाला. "बरं हाय, आपल्या भाजीत असलं काही नसते."

नत्थुजींचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. डबी तिथंच होती. छातीला चिकटून.

त्या दिवशी त्यांनी भाजी कशी केली हे त्यांना आठवत नाही. डबी उघडली नाही, एवढं नक्की. सुंदराबाई भट्टीशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे तळहात पुढं केला, आणि नत्थुजींना त्या तळहातावर रस्सा टाकवेना. ती बाई बावीस वर्षं त्यांच्या विश्वासावर चाखत आली होती. एका लग्नात दहा वेळा, बारा वेळा. पाहुणे वर्षातून एकदा जेवून जात. हिनं प्रत्येक गंजातलं तोंडात घातलं होतं.

"काहून थांबले? द्या ना," त्या म्हणाल्या.

"गरम हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबी मोरीत रिकामी केली, वरून दोन बादल्या पाणी ओतलं. त्यानं जीव हलका होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. मग ते इतवाऱ्यात गेले. दुकानदाराला आडून आडून विचारलं, ही पूड खाऊन कुणाला काही झाल्याचं ऐकलं का? दुकानदार हसला. "बंदी असती तर मी इकलं असतं का नत्थुजी? पुडक्यावर सरकारी नंबर हाय." शेजारी उभा असलेला एक गिऱ्हाईक लगेच म्हणाला, "नाई जी, लय खराब राहते ते, माह्या पोराचं डोकं दुखते त्यानं." दोघांपैकी कोण खरं, हे नत्थुजी कुणाला विचारणार? जास्त विचारावं तर प्रश्न येणार, तुमाले काहून पायजे?

त्यांच्याच गल्लीत खुशालराव गुरुजी राहत. निवृत्त मास्तर. वर्षभरापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. घरातून निघायचे आणि शाळा भरली का म्हणून विचारत फिरायचे. आजवर नत्थुजींना त्यांची कीव यायची. आता ते दिसले की नत्थुजी मनाशी हिशोब मांडू लागत. गुरुजी आपल्या किती पंगतींना जेवले? मुलाच्या लग्नात, पुतणीच्या लग्नात, गल्लीतल्या प्रत्येक तेरवीला. नत्थुजी बोटांवर मोजू लागले आणि मध्येच मोजणं सोडून दिलं, कारण मग जेवलेले सगळेच आठवू लागले. एका अंगानं त्यांना स्वतःचीही भीती वाटे. ते चालता चालता मनात रेसिपी घोकत. शंभर पानांना वांगे किती, तेल किती. एखादा आकडा लवकर आठवला नाही की पुन्हा पहिल्यापासून.

बायकोला मात्र ते काही बोलले नाहीत. तिच्याकडे नुसते बघत राहायचे. ती डाळीत काय टाकते, दाराची कडी लावते का, आपल्याला हाक मारताना अडखळते का.

"असे काय पाहून राहिले?" त्या एकदा वैतागल्या. "मी काय आजच लग्न होऊन आली का?"

चैत्रात दोघं रिद्धपूरला गेले. घराणं महानुभावांचं, पिढ्यान्‌पिढ्या मांसमच्छी वर्ज्य, वर्षातून एकदा रिद्धपूरला जायचंच. राजमठात दंडवत घालून झालं. ऊन चढलं होतं. सुंदराबाईंना सावलीत बसवून नत्थुजी बाटलीत पाणी भरायला गेले. रांग होती, दहा मिनिटं लागली असतील. परत येऊन बघतात तो जागा रिकामी. त्यांची पिशवी मात्र तिथंच होती.

आधी त्यांना वाटलं, आडोशाला गेली असेल. मग त्यांनी हाका मारल्या. मग ज्या ज्या स्थानांवर दोघं गेले होते तिथं तिथं पुन्हा धावले. फुलं विकणाऱ्या बाईला विचारलं, हिरवं लुगडं नेसलेली, अशी बुटकी, गोरी. एकसष्ट वर्षांचा माणूस चैत्राच्या उन्हात पळत होता आणि त्याच्या डोक्यात ते मोबाईलमधलं वाक्य फिरत होतं. शेवटी घरची माणसं ओळखू येत नाहीत.

पाऊण तासानं त्या एसटीच्या थांब्यावर सापडल्या. मोर्शीच्या, म्हणजे त्यांच्या माहेरच्या, गाडीत खिडकीपाशी बसल्या होत्या. गाडी सुटायच्या बेतात होती. नत्थुजी धापा टाकत वर चढले.

"अवं, इकडं कुठं निघाली?"

सुंदराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं त्यांनी, पण जणू एखादा शेजारी भेटावा तसं. "मायच्या घरी जातो," त्या म्हणाल्या. "बाबा वाट पाहत असन. उशीर झाला तर बोलतीन."

त्यांचे वडील जाऊन सतरा वर्षं झाली होती.

कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली. नत्थुजी शेजारी बसले. दोन तिकिटं काढली. तिला ओढून उतरवावं असं त्यांना वाटलं नाही, आणि उतरवून न्यायचं कुठं हेही सुचेना. दोन-तीन मैलांवर एका फाट्याशी सुंदराबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि एकदम त्यांचा दंड धरला. "आपन कुठं चाललो जी? माही पिशवी कुठं हाय?"

त्या फाट्यावर दोघं उतरले. निंबाखाली बसून नत्थुजींनी काखेतली पिशवी तिच्या हातात दिली आणि पहिला फोन दामिनीला लावला.

दामिनी अकोल्याला शाळेत शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बाबा, उद्या पहिल्या गाडीनं या. आईला घेऊन. काही कारण सांगू नका." तिच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, मेंदू आणि नसांच्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिघं त्यांच्यासमोर बसले होते.

बाईंनी आधी सुंदराबाईंनाच बोलतं केलं. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, ही तीन नावं लक्षात ठेवा. मग जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, तळपायाला पिन टोचून विचारलं, कळतं का? दोन्ही पाय जुळवून उभं केलं आणि म्हणाल्या, आता डोळे मिटा. डोळे मिटताच सुंदराबाई झाडासारख्या एका बाजूला कलल्या. दामिनीनं सावरलं. नत्थुजी खुर्चीचा काठ धरून बसले होते.

"जेवणात काय असतं यांच्या?" बाईंनी विचारलं. "मांस, अंडी?"

"आम्ही महानुभाव," दामिनी म्हणाली.

"दूध, दही?"

"दूध पचत नाई मले," सुंदराबाई म्हणाल्या. "आंबट ढेकरा येतात. सात-आठ वर्षं झाली, रोज सकाळी गोळी घेतो त्याची."

"रोज? न चुकता?" बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "आणखी काही? औषध, जडीबुटी, तंबाखू?"

इतक्या दिवसांत नत्थुजींनी पुडीचं सांगायचं ठरवलं नव्हतं. उलट काहीही झालं तरी सांगायचं नाही, असंच मनाशी घट्ट केलं होतं. पण आता गप्प राहिलं आणि त्यामुळं औषध चुकलं तर?

"मॅडम," ते म्हणाले, "एक सांगाचं हाय. मी भाजीत टेस्टिंग पावडर टाकत होतो. बावीस वर्षांपासून. ही चाखत होती. रोज नाई, पन लग्नसराईत रोजच. हिले म्याच असं केलं, मॅडम."

दामिनीनं बापाकडं पाहिलं. सुंदराबाईंनी मात्र नवऱ्याकडं पाहिलंच नाही. त्या स्वतःच्या तळहाताकडं बघत होत्या.

"हिंग नव्हता तो?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"बावीस वर्षं?"

"हाव."

"मंग इतके दिवस मी काय चाखून राहिली होती?"

मेंदू जळाल्याबद्दल ती बोलेल, रडेल, शिव्या घालेल, या सगळ्याची नत्थुजींनी मनात तयारी केली होती. पण ती विचारत होती मसाल्याचं. "लोक म्हनत, सुंदराबाई, मसाला करावा तर तुमीच. मी घरोघरचं ऐकून घेतलं ते. माह्या मसाल्याले चव नव्हती, तर तोंडावर सांगाचं होतं."

"चव होती वं. मीच भीत होतो."

डॉक्टरीणबाईंनी दोघांना थोडा वेळ दिला. मग नत्थुजींकडं वळल्या. "काका, हे तुम्ही कुठं ऐकलं?"

"मोबाईलवर. पांढरा कोट होता त्याचा."

"कोट कुणीही घालतो. ऐका. त्या पुडीत जे असतं ते टोमॅटोतही असतं, आपल्या अंगातही असतं. उंदरांना ते भरमसाट टोचून प्रयोग केले, त्यात मेंदूला इजा झालेली दिसली, हे खरं आहे. पण माणूस जेवणातून चिमूटभर खातो त्यातलं मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही. काही लोकांना त्यानं डोकं दुखल्यासारखं होतं. त्यात मिठासारखा क्षार असतो, म्हणून रक्तदाब असणाऱ्यानं जपावं. पण त्यानं विसरण्याचा आजार होतो, असं सिद्ध झालेलं नाही."

"सिद्ध झालं नाई, म्हंजे होत नाई म्हनता, का माहीत नाई म्हनता?"

बाई म्हणाल्या, "प्रामाणिकपणे सांगते. आजवर जेवढं तपासलं गेलं, त्यात माणसांत असं काही आढळलं नाही. याच्या पुढचं वचन मी कशाचंच देत नाही, साखरेचंही नाही. पण तुमच्या बायकोला काय झालं असावं याचा मला अंदाज आहे, आणि त्याचा त्या पुडीशी संबंध दिसत नाही. रक्त तपासू. मेंदूचा फोटोही काढू."

तपासणीचे कागद तिसऱ्या दिवशी मिळाले. ते तीन दिवस नत्थुजी दामिनीच्या घरी राहिले आणि सुंदराबाई त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. जेवायला बसल्या की ताट घेऊन आतल्या खोलीत जायच्या. दामिनीनं समजूत घालून पाहिली. "तू मधात पडू नको," त्या म्हणाल्या. नत्थुजी सोप्यावर बसून राहत. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांनी शंभरदा मनात घोळवलं. दर वेळी "संबंध दिसत नाही" इथवर धीर यायचा. मग वाटायचं, दिसत नाही म्हणाल्या. नाहीच, असं नाही म्हणाल्या.

मेंदूच्या फोटोत वयापलीकडचं काही नव्हतं. रक्तात मात्र बी-बारा नावाचं जीवनसत्त्व जवळपास संपलं होतं. बाईंनी कागदावर आकडा दाखवला. दोनशेच्या वर हवा तो साठवर आला होता. मांस-अंडी नाही, दूधदही सुटलेलं, त्यात पित्ताच्या गोळीनं सात-आठ वर्षं पोटातलं आम्ल दाबून ठेवलेलं. जेवणातून थोडंफार येत होतं तेही अंगी लागत नव्हतं. जीभ त्यानंच सोललेली, पाय त्यानंच जळत होते, तोल आणि आठवण त्यानंच गेलेली.

"ही बरी होईन का?" नत्थुजींनी विचारलं.

"इंजेक्शनं लगेच सुरू करू. आठवण बरीचशी परत येईल असं वाटतं, जीभही. पायाच्या नसांचं सांगत नाही. उशीर झाला आहे थोडा." बाईंनी कागद घडी केला. "काका, तुम्ही घाबरून महिनाभर गप्प बसलात. तो महिना वाचला असता तर बरं झालं असतं."

हे वाक्य नत्थुजींना पुडीपेक्षा जास्त लागलं.

पहिला आठवडा रोज एक इंजेक्शन, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. तिसऱ्या आठवड्यात सुंदराबाईंना कैरीच्या लोणच्याचा आंबटपणा जाणवला आणि त्यांनी दात आंबले म्हणून तोंड वाकडं केलं. नत्थुजी त्या वाकड्या तोंडाकडं बघतच राहिले. दीड महिन्यानं धने दोनदा पडणं थांबलं. फोन दोनदा करणंही थांबलं. रिद्धपूरचा तो पाऊण तास मात्र कायमचा पुसला गेला. त्या अधूनमधून विचारतात, "मी खरंच बाबाचं नाव घेतलं होतं का?" नत्थुजी सांगतात, हाव. मग त्या उठून कामाला लागतात.

अबोला त्यांनी स्वतःच सोडला, तोही भांडूनच. वैशाखात देवमननं चांदूरबाजारचं एक काम आणलं. नत्थुजी नाही म्हणणार होते. सुंदराबाई आतून बाहेर आल्या. "जाऊ आपन. पन भाजीत माह्या मसाल्याशिवाय काही पडनार नाई. लोकाईनं नावं ठेवली तर ठेवू द्या."

पडलं नाही. लोकांनी जेवण छान म्हटलं, दोघातिघांनी मात्र पहिल्यासारखी मजा नाही असंही म्हटलं, आणि ते सुंदराबाईंच्या कानावर गेलं. त्या चिडल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी तवा काढला आणि खोबरं थोडं जास्त भाजून, दगडफूल वाढवून मसाला पुन्हा करून पाहिला. आठ दिवस तेच चाललं होतं. पूड वाईट असते का, हा प्रश्न त्यांनी नवऱ्याला कधी विचारला नाही. देवमनला एकदा नत्थुजींनी सगळं सांगून टाकलं. देवमन म्हणाला, "बह्याडच हाय तुमी. मले पयलेच इचाराचं ना." तोही व्हिडिओवर विश्वास ठेवून त्या दिवसापासून आपल्या सुनेला नूडल्स करू देत नव्हता.

खुशालराव गुरुजींच्या घरी नत्थुजी स्वतःहून गेले. त्यांच्या मुलाला म्हणाले, रक्त तपासून घ्या एकदा. मुलानं तपासून घेतलं. त्यांचं बी-बारा बरोबर निघालं. गुरुजींचा आजार वेगळा होता, त्याला इंजेक्शन नव्हतं. ते अजूनही शाळा भरली का विचारत गल्लीतून जातात, आणि ते दिसले की नत्थुजी अजूनही क्षणभर हातातलं काम थांबवतात.

भीती तशी पूर्ण गेलेली नाही. सुंदराबाई बोलता बोलता एखाद्या शब्दासाठी थांबल्या, की नत्थुजी त्यांच्या ओठांकडं बघत राहतात. शब्द सापडला की नजर काढतात. त्यांच्या पायांची जळजळ कमी झाली, पण अंधारात त्या अजून भिंतीला हात लावूनच चालतात.

श्रावणात त्या म्हणाल्या, मी एकटी अकोल्याले जातो, दामिनीकडं. नत्थुजींनी नको म्हणून पाहिलं. मग बरोबर येतो म्हणून पाहिलं. शेवटी एका चिठ्ठीवर स्वतःचा आणि दामिनीचा फोन नंबर लिहून ती त्यांच्या पिशवीत सरकवली. स्टँडवर गाडीत बसल्यावर सुंदराबाईंनी ती चिठ्ठी काढली, वाचली आणि खिडकीतून त्यांच्या हातात परत दिली. "दोन्ही नंबर तोंडपाठ हाय मले. म्हनून दाखवू का?"

"नको," नत्थुजी म्हणाले. पण त्यांनी म्हणून दाखवले. दोन्ही बरोबर होते.

गाडी गेल्यावर नत्थुजी घरी आले. मूर्तिजापूर येईल तेव्हा किती वाजतील, अकोला येईल तेव्हा किती, याचा हिशोब त्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर लावला. चहा केला, प्याले नाहीत. तिनं सांगितलेल्या वेळेला फोन वाजला नाही. दहा मिनिटं गेली. वीस गेली. त्यांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. पंचवीस मिनिटांनी फोन आला.

"पोचली जी मी. रस्त्यात काम चालू हाय, गाडी थांबून थांबून आली." मागं दामिनीच्या घरातली भांडी वाजत होती. "आन् तुमी गॅस बंद केला का? चहा केला असन ना."

"केला बंद," नत्थुजी म्हणाले.

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. गॅस बंदच होता. तरी त्यांनी खाली वाकून बटण एकदा हातानं चाचपून पाहिलं.